सही आपली, मग बँकेशी बोलणं एजंटाचं का?



घर घ्यायचं ठरलं की घरातले फोन वाजायला लागतात. एजंटाचा फोन यांना, यांचा फोन मुलाला, मग एजंटाचा बँकेतल्या साहेबांना. ज्या बाईच्या नावावर घर होणार असतं तिचा फोन तेवढा शांत असतो. तिला बोलावणं येतं ते सहीच्या दिवशी. कागदांच्या गठ्ठ्यावर पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या असतात. ती फुलीपाशी सही करत जाते आणि मधेच विचारलं तर उत्तर मिळतं, "भाभी, बँकेचं सगळं मी बघितलंय, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

मला या वाक्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी आपलं नाव कागदावर का येतं ते पाहू. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. तीस लाखांच्या फ्लॅटवर तीस हजार रुपये वाचतात, ते कोणाला नकोत? काही बँका बाईला व्याजही जरासं कमी लावतात. त्यामुळे हल्ली घर आपल्या नावावर होतं, आणि ते चांगलंच आहे. पण मालकीण झाली की बँक तिला कर्जदारही करून घेते. नवरा किंवा मुलगा बरोबर सहकर्जदार असला तरी जबाबदारी निम्मी-निम्मी वाटली जात नाही, प्रत्येकाची ती पूर्ण असते. हप्ते थकले तर बँक कोणाकडूनही सगळी रक्कम मागू शकते. सिबिलवर सगळ्यांचंच नाव खराब होतं. सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस निघते तेव्हा त्यावर तिचंही नाव असतं.

म्हणजे एक टक्का वाचवण्यापुरतं आपलं नाव आणि बोलण्यापुरता एजंट, अशी वाटणी झालेली आहे. माझं मत स्पष्ट आहे. एजंटाने बँकेशी घराबद्दल खुशाल बोलावं. आपल्या पैशाबद्दल, म्हणजे कमाई, देणी, दागिने, बचत आणि बँक किती देणार याबद्दल, बँकेशी फक्त घरच्यांनी बोलावं, आणि जिची सही आहे तिने त्या बोलण्यात असलंच पाहिजे.

आपल्या जव्हार-मोखाड्यात ही सवय जास्त पक्की झाली त्याला कारण आहे. मुलं नोकरीला घाट उतरून जातात. फ्लॅट बघायचा तो पालघर, बोईसर, विरारला, नाहीतर त्र्यंबकच्या बाजूने वर नाशिकला. दुकान बंद ठेवून रोज कोण जाणार? कर्जाचा निर्णय घेणारं कार्यालयही बहुतेकदा इथे नसतं. मग तिकडचा एजंट म्हणतो, कागद व्हॉट्सॲपवर टाका, बाकी माझ्यावर सोडा. आधार, पॅन, तीन वर्षांचे रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट असं सगळं एका फोनवर जातं. तिथून ते बँकेच्या डीएसएकडे, म्हणजे बँकेसाठी कर्जाची गिऱ्हाइकं आणणाऱ्या माणसाकडे जातं. पुढे किती फोनांत फिरतं ते आपल्याला कळत नाही. घरात सोन्याचा डबा कुठे ठेवलाय हे सुनेलाही उशिरा सांगणारे आपण, वर्षाची सगळी उलाढाल मात्र अनोळखी माणसाला एका बोटाने पाठवून देतो.

एजंट वाईटच असतो असं मला म्हणायचं नाही. चांगला एजंट खरोखर कामाचा असतो. विकणाऱ्याकडून जुने करार काढून घेणं, सोसायटीची एनओसी आणणं, विकणाऱ्याचं आधीचं कर्ज असेल तर त्याच्या बँकेचं बाकीचं पत्र मिळवणं, मूल्यांकनाला माणूस येईल तेव्हा किल्ली घेऊन हजर राहणं, नोंदणीच्या दिवशी चेक तयार आहे ना हे विचारणं, या सगळ्यासाठी त्याने बँकेला दहा फोन केले तरी हरकत नाही. ही सगळी माहिती घराची आहे. त्यात लपवण्यासारखं काही नसतं आणि तो बोलला नाही तर काम अडतं.

अडचण पुढच्या प्रश्नापासून सुरू होते. एजंट बँकेतल्या माणसाला सहज विचारतो, "यांचं किती बसतंय?" आणि समोरचा सहज सांगून टाकतो.

समजा, विकणारा ३४ लाख मागतोय आणि आपण ३१ वर अडून बसलोय. बँकेने आपलं उत्पन्न पाहून ३० लाखांपर्यंत कर्ज देऊ असं ठरवलं. हा आकडा एजंटाला कळला की आपलं ३१ संपलं. त्याला माहीत असतं की ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ३४ चं घर आपल्याला "बसतं". मग तो विकणाऱ्याला म्हणतो जरा थांबा, आणि आपल्याला म्हणतो दुसरं गिऱ्हाईक आलंय. तीन लाखांच्या वाढीत एक टक्का दलालीने त्याला मिळतात तीन हजार. तेवढ्यासाठी तो दुष्टपणा करतो असं मला वाटत नाही, त्याला सौदा लवकर मिटवायचा असतो. आपल्याला मात्र ते तीन लाख नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांत सुमारे साडेसहा लाखांना पडतात. महिन्याला सत्तावीसशे रुपये, घरच्या किराण्यातून.

आपल्या धर्मात याला नाव आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याची एकांतातली गोष्ट उघड करणं. साकारमंत्रभेद म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावरून, हालचालीवरून मनातलं ओळखून ते तिसऱ्याला सांगणं. लहानपणी पाठशाळेत हे शब्द पाठ करताना वाटायचं की ही राजवाड्यांतली, मंत्र्यांच्या कारस्थानांची भाषा असावी. आता वाटतं, साकारमंत्रभेदाला विरारच्या एखाद्या साइट ऑफिसची पायरीसुद्धा पुरते. सत्य म्हणजे फक्त खोटं न बोलणं एवढाच अर्थ आपण धरतो. दुसऱ्याचं खरं नको तिथे सांगणं हाही त्याच व्रताचा दोष आहे. आपल्या समाजात दलालीचा धंदा करणारे भाऊ, दीर, जावई पुष्कळ आहेत. त्यांच्या घरातल्या बायकांनी हे जेवायला वाढताना एकदा काढावं.

कायदाही बँकेला मोकळं सोडत नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात आणि स्टेट बँकेच्या १९५५ च्या कायद्यात गिऱ्हाइकाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन लिहिलेलं आहे. एजंटाने विचारलं म्हणून सांगितलं, हे उत्तर तिथे चालत नाही. पण आपण कधी हरकत घेतलेली नसते, उलट एजंटालाच पुढे केलेलं असतं, म्हणून बँकेतला माणूसही बिनधास्त बोलतो.

याच पाच अतिचारांतला आणखी एक, कूटलेखक्रिया. खोटा कागद तयार करणं. दुकानदारांच्या घरात हा मोह कुठून येतो ते आपल्याला ठाऊक आहे. रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दाखवलेलं असतं आणि कर्ज मात्र मोठं हवं असतं. एजंट म्हणतो, बँकेशी बोललोय, मागच्या दोन वर्षांचे रिटर्न जरा वाढवून भरा, चालेल. कोणी सांगतो, करारात किंमत वाढवून लिहू म्हणजे कर्ज जास्त मिळेल. कोणी उलट सांगतो, करारात कमी लिहू, वरचे रोख द्या. एकच माणूस एकाच आठवड्यात दोन गिऱ्हाइकांना या दोन उलट्या गोष्टी सांगू शकतो, आणि दोन्हीकडे तो "बँकेला माहीत आहे" हेच म्हणतो. बँकेत कोणाला माहीत आहे, त्याचं नाव काय, त्याने हे लिहून दिलंय का, हे आपण विचारत नाही. खोट्या कागदावर सही त्या एजंटाची नसते. बँकेतल्या त्या माणसाचीही नसते. फुलीपाशी सही आपली असते. उद्या प्रश्न उठला तर दोघेही म्हणतील, बाईंनीच कागद दिले.

पर्युषणात आठ दिवस, नाहीतर दशलक्षणात दहा दिवस आपण हिरवी भाजी सोडतो, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. मग वीस वर्षं चालणाऱ्या कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय हे न वाचता सही करतो. मला हा हिशेब जुळत नाही.

हे फ्लॅटचं झालं. आपल्या भागातली जमीन हा याहून गंभीर विषय आहे.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथली बरीच जमीन वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी कुटुंबांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती देण्याआधी त्यांना राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. हा नियम १९७४ पासून आहे. परवानगीशिवाय झालेला व्यवहार अवैध ठरून जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. जव्हारची थंड हवा, धबधबे, राजवाडा बघायला मुंबईची माणसं येऊ लागली तसे "बंगल्यासाठी प्लॉट" दाखवणारे एजंटही वाढले. सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत काय नोंद आहे हे तो आपणहून सांगेल ही आशा ठेवू नका.

अशा जमिनीवर बँक गृहकर्ज देत नाही, कारण तिचा वकील सर्च रिपोर्ट काढतो आणि तिथेच फाइल थांबते. मग एजंट सल्ला देतो की गृहकर्ज नको, पर्सनल लोन काढा, नाहीतर सोनं तारण ठेवा, आणि बँकेला जागेचं काही बोलू नका. नीट विचार करा इथे काय झालं. बँकेच्या वकिलाची तपासणी ही या सगळ्या व्यवहारात आपल्याला आपसूक मिळणारी एकमेव राखण होती. ती एजंटाने काढून टाकली. व्याज वाढलं, दागिने गेले, आणि पायाखाली जी जमीन आली ती कायद्याने आपली नाही.

दुसरी वाट याहून वाईट. जमीन आदिवासी माणसाच्याच नावावर राहू द्या, पैसे तुम्ही द्या, मुखत्यारपत्र करून घेऊ, असं सांगतात. हा बेनामी व्यवहार आहे आणि त्यात ज्याचं नाव वापरतात तो बहुतेक वेळा आपल्याच दुकानातून मीठ-मिरची नेणारा माणूस असतो. आपल्या श्रावकाचारात मोठ्या असत्यांची जी यादी आहे तिच्यात कन्यालीक आणि गवालीक यांच्याबरोबर भूम्यलीक वेगळं सांगितलंय, म्हणजे जमिनीबद्दलचं खोटं. पूर्वजांनी त्याला सर्वसाधारण खोट्यात न धरता त्याचं वेगळं नाव ठेवलं, याचा अर्थ तेव्हाही असे एजंट असणार.

इथे कोणी म्हणेल, एजंट तर आपल्याच समाजाचा आहे, आपल्या ओळखीचा आहे, त्याच्याजवळ लपवायचं काय? माझं उत्तर असं की ओळखीच्या माणसाजवळच जास्त लपवायला हवं. परका माणूस आपला आकडा फक्त विकणाऱ्याला सांगेल. ओळखीचा माणूस तो लग्नाच्या पंगतीतही सांगेल. कोणाच्या मुलाचं कर्ज नामंजूर झालं, कोणाच्या सुनेच्या माहेरून किती आले, ही माहिती पुढच्या पिढीच्या सोयरिकीपर्यंत फिरते. आणि ओळखीच्या माणसाला "लेखी दे" म्हणता येत नाही, ही आणखी वेगळी अडचण.

सरकारी नोंदणीने किती फरक पडतो? थोडा पडतो. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, आणि प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली. तेव्हा नवीन प्रकल्पात घर घेत असाल तर एजंटाचा नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर बघा. पण जुनं घर घेताना, किंवा पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या जागेवरचा, आठ घरांपर्यंतचा प्रकल्प असताना ही नोंदणी लागत नाही. जव्हार-मोखाड्यातले बहुतेक व्यवहार याच प्रकारांत बसतात. म्हणून कायद्याच्या भरवशावर गाफील राहता येत नाही.

विकणारी बाजू आणि बँक परस्पर बोलून मोकळी झाली की काय होतं याचं मोठं उदाहरण दिल्लीजवळच्या प्रकल्पांत सगळ्या देशाने पाहिलं. ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल, अशा योजना निघाल्या. बँकांनी रक्कम थेट बिल्डरांना दिली. बिल्डरांनी हप्ते थांबवले आणि बँका घर न मिळालेल्या गिऱ्हाइकांच्या मागे लागल्या. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी सीबीआयला याच्या सात प्राथमिक चौकशा करायला सांगितलं, आणि त्यांत दिल्लीबाहेरच्या शहरांत मुंबईही आहे. त्या गिऱ्हाइकांनीही कधीतरी फुलीपाशी सही केलेली होती.

मग करायचं काय? फार अवघड नाही. कर्जाच्या अर्जावर मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपला द्या, एजंटाचा देऊ नका. ईमेल नसेल तर मुलीकडून, सुनेकडून काढून घ्या. कागद बँकेत स्वतः द्या. व्हॉट्सॲपवर पाठवणं भागच असेल तर प्रत्येक प्रतीवर "फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी" असं आडवं लिहून, तारीख टाकून मग फोटो काढा. अर्जाबरोबर एक साधं पत्र जोडा की एजंटाला घराच्या कागदपत्रांची, मूल्यांकनाची आणि चेकच्या तारखेची माहिती द्यायला माझी हरकत नाही, माझं उत्पन्न, खाती आणि मंजूर रक्कम मात्र माझ्याशिवाय कोणाला सांगू नये. त्याच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या. एजंटाने किती मंजूर झालं विचारलं तर "काम चालू आहे" एवढंच सांगा. हे खोटंही नाही.

"सँक्शन आलंय, आता टोकन देऊन टाका" या वाक्याला भुलू नका. पहिलं मंजुरीपत्र बहुतेकदा आपली कमाई बघून निघतं. घराचे कागद बँकेचा वकील नंतर तपासतो. म्हणून विसारपावतीत एक ओळ घालून घ्या: बँकेच्या तपासणीत घराच्या कागदांत दोष निघून कर्ज नाकारलं गेलं तर विसाराची रक्कम पूर्ण परत मिळेल. एजंट ही ओळ घालायला कुरकुरला तर त्याला घराबद्दल काहीतरी माहीत आहे असं समजायला हरकत नाही.

आणि सहीच्या आधी बँकेकडून की फॅक्ट स्टेटमेंट मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाला ते द्यावंच लागतं. त्यात सगळा खर्च धरून व्याज वर्षाला किती पडतं हे, विमा आणि वकिलाच्या फीसकट प्रत्येक शुल्क, आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतं. त्यात नसलेलं शुल्क बँक आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावू शकत नाही. तेव्हा एजंट "बँकेची फाइल फी" म्हणून रोख मागायला लागला तर तो कागद त्याच्यापुढे ठेवून, यात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणा. हे विवरण कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा नियम आहे, म्हणून मराठीत मागायला लाजू नका. बँक ऐकत नसेल तर लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

ते विवरण हातात आल्यावर त्यातल्या अटींवर बँक किमान तीन कामकाजाचे दिवस बांधलेली असते. एजंट म्हणेल आजच सही करा, उद्या दर वाढेल. तीन दिवस कागद घरी ठेवा, दुपारी दुकानाला जरा उसंत असते तेव्हा काढून वाचा, आणि जिथे अडेल तिथे पेन्सिलीने फुली तुम्ही मारा.